संगणकांत पत्रें कोठें राहतात?



आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनीं रुक्ष वाटेल. संगणकावर आपण पत्रव्यवहाराचीं, लेखनाचीं, हिशेबाचीं अशीं जीं साधनें वापरतों, तीं आपला मजकूर व आपल्या आवडीनिवडी नेमक्या कोठें ठेवितात, हा तो विषय होय. मी या शास्त्राचा पंडित नव्हें. मॅट्रिकपुढें माझें शिक्षण झालें नाहीं, आणि सारी हयात शाळेंतल्या मुलांत गेली. परंतु एका प्रसंगानें हा विषय मला उतारवयांत शिकावा लागला. तो प्रसंग आपल्यापैकीं कोणाच्याहि घरीं येण्यासारखा असल्यामुळें येथें सांगत आहें.

माझी थोरली बहीण नागपुरास असे. आम्ही तिला आक्का म्हणत असूं. वयोमानानें तिचा हात कांपूं लागला, तेव्हां पोस्टाचीं पत्रें बंद करून ती संगणकावर पत्रें लिहूं लागली. आठ वर्षें जवळजवळ दर आठवड्यास तिचें पत्र येई. २०१९ सालीं ती वारली. पुढें कांहीं महिन्यांनीं माझें जुनें यंत्र बिघडलें व मीं नवें घेतलें. दुरुस्तीचें काम करणाऱ्या गृहस्थांनीं ‘डॉक्युमेंट्स’, ‘पिक्चर्स’ आणि ‘डेस्कटॉप’ या तीन फोल्डरांतील सर्व कांहीं नव्या यंत्रावर उतरवून दिलें. काम मनापासून केलेलें होतें. पण ज्या ‘थंडरबर्ड’ नांवाच्या साधनांत मी पत्रें वाचीत असें, तें नव्या यंत्रावर उघडलें तों त्यानें परक्या माणसाप्रमाणें माझें नांव व पत्ता विचारला. आक्काचें एकहि पत्र तेथें नव्हतें.

माझी पत्रें जुन्या ‘पॉप’ पद्धतीनें येत. तींत पत्र घरच्या यंत्रावर उतरलें कीं दूरच्या भांडारांतून तें काढून टाकलें जाईल, अशी योजना मीं पूर्वीं करून ठेविली होती. त्यामुळें तीं पत्रें जगांत एकाच ठिकाणीं होतीं, आणि ती जुनी तबकडी पुसून दुसऱ्यास विकण्यासाठीं दुकानांत पडली होती. मीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यास फोन केला. तो म्हणाला, “सर, आधीं ती तबकडी पुसूं देऊं नका. पत्रें डॉक्युमेंट्समध्यें नसतातच. ‘ॲपडेटा’ पाहा.”

असें कां असावें? शाळेचेंच उदाहरण घेऊं. वर्गांत तीन प्रकारचें लिखाण असतें. वेळापत्रक भिंतीवर टांगलेलें असतें. वर्ग कसा चालावा हें तें सांगतें. हजेरीपट कपाटांत असतो. तो हरवला तर पुन्हा मिळत नाहीं. आणि फळ्यावरचें लिखाण तास संपतांच पुसलें तरी कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. संगणकांतील साधनांजवळहि हेच तीन प्रकार असतात : त्यांच्या चालीचे नियम, आपला जतन करण्याजोगा मजकूर, आणि काम जलद व्हावें म्हणून तात्पुरता काढलेला उतारा. आपण हातानें उघडावयाची ही वस्तु नव्हे, म्हणून ती आपल्या नजरेआड ठेवितात. प्रत्येक कार्यप्रणालीनें यांच्या जागा ठरविल्या आहेत; मात्र प्रत्येकीची रीत निराळी आहे.

विंडोजमध्यें प्रत्येक माणसाच्या फोल्डरांत ‘ॲपडेटा’ नांवाचा लपविलेला फोल्डर असतो. त्यांत तीन दालनें आहेत. ‘रोमिंग’ म्हणजे फिरतें : मोठ्या कचेरींत माणूस एका यंत्रावरून दुसऱ्यावर बसला, तर तशी व्यवस्था असल्यास हें दालन त्याच्या मागोमाग जातें. ‘लोकल’ हें त्याच यंत्राशीं बांधलेलें असतें. फळ्यावरचें लिखाण बहुधा येथें. ‘लोकल-लो’ हें ज्यांवर कमी विश्वास टाकावयाचा अशा साधनांकरितां आहे. घरांतील सर्वांना सामाईक अशा सामग्रीस ‘प्रोग्रामडेटा’ नांवाचा वेगळा फोल्डर आहे. चालू यंत्रावर हें पाहावयाचें तर विंडोजची कळ व आर हें अक्षर एकदम दाबावें, आणि येणाऱ्या चौकटींत ॲपडेटा हा शब्द इंग्रजींत, मागेंपुढें शेकड्याचें चिन्ह देऊन लिहावा. थेट रोमिंग उघडतें. परंतु जुनी तबकडी नव्या यंत्रास जोडली असेल, तर ही युक्ति नव्या यंत्राचेंच दालन दाखवील. तेव्हां लपविलेल्या वस्तु दिसतील अशी योजना करून, जुन्या तबकडीवरील ‘यूजर्स’ या फोल्डरांत आपल्या नांवाखालीं पायरीपायरीनें जावें लागतें.

मॅकवर हें कोठार ‘लायब्ररी’ या नांवानें आपल्या घर-फोल्डरांत असतें. त्यांत मजकुरास ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’, आवडीनिवडींस ‘प्रेफरन्सेस’ व तात्पुरत्या उताऱ्यांस ‘कॅशेस’ अशीं सरळ नांवें आहेत. २०११ सालच्या ‘लायन’ आवृत्तीपासून हें कोठारहि लपविण्यांत आलें. फाइंडरमधील ‘गो’ ही सूची ऑप्शनची कळ दाबून उघडली कीं तें दिसतें. अपवाद मात्र येथेंहि आहेत. फायरफॉक्सचा मजकूर ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’मध्यें सांपडतो, तर त्याच्याच कुळांतील थंडरबर्डनें थेट ‘लायब्ररी’मध्यें बिऱ्हाड केलें आहे.

लिनक्सवर ज्या नांवाचा आरंभ टिंबानें होतो, ती वस्तु यादींत दिसत नाहीं. या चालीचें मूळ मौजेचें आहे. युनिक्सच्या जुन्या काळीं, फोल्डर स्वतः व त्याचा वरचा फोल्डर यांच्या एक टिंब व दोन टिंबें या खुणा यादींत येऊं नयेत म्हणून ‘टिंबानें आरंभ होणारें नांव वगळा’ असा आखूड नियम लिहिला गेला, आणि त्यामुळें टिंबाचीं सर्वच नांवें अदृश्य झालीं, असें रॉब पाइक यांनीं २०१२ सालीं लिहिलें आहे. पुढें प्रत्येक साधन आपलें टिंबाचें फोल्डर घरांत कोठेंहि टाकूं लागलें. त्यास शिस्त लावण्यासाठीं २००३ सालीं ‘एक्सडीजी’ नांवाचा नियम पुढें आला. त्याप्रमाणें चालीचे नियम ‘टिंब कॉन्फिग’मध्यें, मजकूर ‘टिंब लोकल’मधील ‘शेअर’मध्यें आणि तात्पुरते उतारे ‘टिंब कॅश’मध्यें ठेवावे. २०२१ सालीं त्यांत ‘स्टेट’ या चौथ्या जागेची भर पडली. तरीहि सर्व साधनें हा नियम पाळीत नाहींत. शिवाय स्नॅप किंवा फ्लॅटपॅक या मार्गानें आणलेल्या साधनांचा संसार आणखी वेगळ्या फोल्डरांत असतो.

जीं तरुण मंडळी अशीं साधनें घडवितात, त्यांना एक विनंति आहे. जागेचा पूर्ण पत्ता आपल्या लेखांत कायमचा कोरूं नये. तो कार्यप्रणालीला विचारून घ्यावा. विंडोज एक्सपीमध्यें माणसांचे फोल्डर ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’खालीं होते, २००७ सालीं घरोघर आलेल्या व्हिस्टानें ते ‘यूजर्स’खालीं नेले, आणि जुना पत्ता कोरून बसलेल्या साधनांसाठीं त्या नांवाचा एक दुवा मागें ठेवावा लागला. घर बदलतें, पण पत्ता विचारणारा चुकत नाहीं.

गृहस्थांसाठीं चारच गोष्टी सांगतों. पहिली : जागा प्रथम त्या साधनालाच विचारावी. थंडरबर्ड व फायरफॉक्स यांच्या मदतीच्या सूचींत अडचणींविषयीं माहितीचें एक पान असतें. त्यावरून तो फोल्डर थेट उघडतां येतो. दुसरी : साधन बंद करून मगच प्रत काढावी, आणि फोल्डर संपूर्ण घ्यावा. तिसरी : कोणास काम सांगतांना ‘माझ्या फायली घ्या’ एवढेंच न म्हणतां, ‘पत्रांचें काय?’ असें स्पष्ट विचारावें. चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची : नव्या यंत्रावर जुनें पत्र स्वतः उघडून वाचल्याखेरीज जुनी तबकडी पुसूं देऊं नये.

माझी तबकडी दुकानाच्या फळीवर तशीच होती. विद्यार्थ्यानें ती घरीं आणून जोडली. यूजर्स, मग माझें नांव, मग ॲपडेटा, रोमिंग, थंडरबर्ड, आणि शेवटीं अर्थहीन अक्षरांच्या नांवाचा एक फोल्डर. तो उचलून नव्या यंत्रावर ठेविला व थंडरबर्डला दाखविला. ४१२ पत्रें होतीं. शेवटच्या पत्रांत आक्कानें विचारलें होतें, “तुझा खोकला थांबला का रे? उत्तर लवकर लिही.” तें उत्तर मीं लिहिलें नव्हतें. आतां लिहून उपयोग नाहीं. पण तिचा प्रश्न तरी माझ्यापाशीं राहिला आहे.

आपल्या घरींहि अशीं कांहीं पत्रें असतील. तीं कोठें राहतात, हें आज रात्रींच पाहून ठेवा.