जठर : रचना, कार्य आणि रक्षण
(व्याख्यानाचा सारांश)



‘पोटात दुखते’ असे सांगताना आपण बहुधा बेंबीवर हात ठेवतो. जठराचे स्थान मात्र त्याहून वर, डाव्या फासळ्यांच्या आड, मध्यपटलाच्या खाली आहे. लहानशा पखालीसारखा हा अवयव रिकामा असताना घड्या पडून आक्रसलेला असतो. जेवणानंतर प्रौढ माणसाच्या जठरात सुमारे एक ते दीड लिटर अन्न मावते. त्याच्या वरच्या तोंडाशी अन्ननलिका व खालच्या तोंडाशी लहान आतडे जोडलेले असून, दोन्ही ठिकाणी स्नायूंची वलये पहारा देतात.

जठराच्या भिंतीत उभे, आडवे व तिरपे असे स्नायूंचे तीन थर असतात. त्यांच्या आकुंचनाने अन्न घुसळले जाते. आतील अस्तरातील ग्रंथींमधून दिवसाकाठी दोन ते तीन लिटर जठररस पाझरतो. त्यातील हायड्रोक्लोरिक आम्ल पुष्कळसे रोगजंतू मारते आणि पेप्सिन प्रथिनांचे विघटन करते. ‘ब-१२’ जीवनसत्त्वाच्या शोषणास आवश्यक असा एक पदार्थही येथेच निर्माण होतो. दोन ते चार तासांत पातळ झालेले अन्न थोडेथोडे करून आतड्यात उतरते.

हे ज्ञान सहजासहजी लाभलेले नाही. १८२२ साली अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन हा तरुण बंदुकीच्या गोळीने जखमी झाला. तो वाचला, परंतु जठराचे छिद्र बुजले नाही. डॉ. विल्यम ब्यूमाँट यांनी रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे त्या छिद्रातून आत सोडून पचनाचा अभ्यास केला व १८३३ मध्ये आपली निरीक्षणे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

मांस पचविणारा हा रस खुद्द जठराला का पचवीत नाही? अस्तरावर चिकट श्लेष्म्याचे कवच असते आणि अस्तरातील पेशी काही दिवसांतच नव्या होतात. हे कवच दुबळे झाले की व्रण पडतो. चिंता आणि तिखट हीच त्याची कारणे, असा समज दीर्घकाळ होता. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल यांनी ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जंतू शोधून काढला. १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतः प्राशन केला आणि त्यांच्या जठराचा दाह झाला. २००५ चे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले. आज योग्य औषधयोजनेने हा संसर्ग बरा होतो. दुर्लक्ष केल्यास त्यातून क्वचित कर्करोगही उद्‌भवतो.

हा संसर्ग बहुधा बालपणीच होतो. दाटीवाटीची वस्ती व अस्वच्छ पाणी त्यास पोषक ठरतात. म्हणून शुद्ध पाणी व शौचालये ही पंचायतीची कामे जठराच्या रक्षणाचीही कामे आहेत, आणि जेवणापूर्वी हात धुण्याचा शाळेतील धडा हा आरोग्याचा पाया आहे.

व्रणाचे दुसरे मोठे कारण आपल्या हातचे आहे. अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता दिवसेंदिवस घेतल्या, तर जठराचे कवच झिजते. तंबाखूच्या धुरामुळे व्रण भरण्यास विलंब लागतो.

‘पित्त झाले आहे’ असे म्हणून महिनोन्‌महिने सोड्यावर भागविणे धोक्याचे आहे. डांबरासारखे काळे शौच, रक्ताची उलटी, गिळताना त्रास किंवा अकारण घटणारे वजन यांपैकी एकही लक्षण दिसल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. एवढी गोष्ट आपण शाळेत व ग्रामसभेत सांगितली, तरी अनेकांचे प्राण वाचतील.