उसण भरलेली पाठ आणि पोत्याचे ओझे

(नसरापूर येथील बैठकीत केलेले भाषण)



लावणीच्या तोंडावर बैठक आहे, तेव्हा भाताच्या भावाचे बोलणे होईल असे तुम्हाला वाटले असणार. आज आम्ही कमरेबद्दल बोलणार आहोत. हसू नका. गेल्या पावसाळ्यात टेम्पोतून युरियाची गोणी वाकून ओढून घेताना आमच्याच पाठीत उसण भरली. शेतकीची पदवी घेतलेले आम्ही! एकराला नत्र किती द्यायचे ते कॉलेजात शिकलो, गोणी उचलायची कशी ते कोणी शिकवले नाही. आठ दिवस आम्ही अंथरूण धरले. चूक झाली ती तिथेच.

उसण म्हणजे बहुतेक वेळा स्नायू ताणला जाणे किंवा लचकणे. पहिले एक-दोन दिवस दुखते तिथे गार पाण्याची पट्टी ठेवा, नंतर शेक द्या. ओझे उचलू नका, पण पडूनही राहू नका. घरात, अंगणात, बांधापर्यंत चालत राहा. पडून राहिलेली पाठ आखडते आणि दुखणे लांबते. बहुतेकांना चार ते सहा आठवड्यांत आराम पडतो. दुखण्याची गोळी उपाशीपोटी घेऊ नका. अल्सर, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊच नका.

आपल्याकडे पायाळू माणसाचा पाय लावून घेतात. हलकेच लावला तर आमची हरकत नाही, म्हातारीचे मनही राहते. पण लाथ मारून घेऊ नका आणि कोणाला पाठ कडकडा मोडू देऊ नका. पायाला मुंग्या येऊन पाय लुळा पडू लागला, जांघेत बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर शेक देत बसू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या दवाखान्यात जा. उशीर झाला तर अधूपण कायमचे राहू शकते. पडल्यावर पाठ दुखत असेल किंवा सोबत ताप असेल, तरीही डॉक्टरला दाखवा.

आता हिशेब मांडू. पाठीचे स्नायू मणक्यापासून साधारण ५ सेंटिमीटरवरून ओढ घेतात. गोणी मणक्यापासून ४० सेंटिमीटर पुढे धरली, तर ४५ किलोसाठी त्यांना आठपट, म्हणजे ३६० किलोची ओढ घ्यावी लागते. वाकलेल्या धडाचे वजन वेगळेच. पहारीने धोंडा उचलणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. म्हणून गुडघ्यात वाका, गोणी पोटाशी घ्या आणि वळायचे तर पाय वळवा, कंबर पिळू नका.

पण सगळा दोष वाकण्याच्या पद्धतीवर ढकलायला आम्ही तयार नाही. पोते किती किलोचे, हे उचलणाऱ्याला कोणी विचारले? पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने क्विंटलभराच्या पोत्याविरुद्ध वर्षानुवर्षे भांडण मांडले. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली ओझ्याबाबत करार केला आणि सोबतच्या शिफारशीत पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली, बाईसाठी त्याहून बरीच कमी. त्या करारावर भारताने २०१० साली शिक्कामोर्तब केले. युरियाची गोणी २०१८ साली ५० वरून ४५ किलोवर आली, तीही खत कमी वापरले जावे म्हणून, आपल्या पाठीच्या काळजीने नव्हे! आणि आपण? खळ्यावर आपणच मालक, आपणच हमाल. भाताचे पोते पायाने ठासून सत्तर किलोच्या वर नेतो, आणि ते डोक्यावर घेऊन बांधावरून चालते बहुधा घरची बाई.

मागे एका बैठकीत एक भाऊ म्हणाले, पोती लहान केली तर बारदान दुप्पट लागेल आणि हमाली नगावर मोजतात. बरोबर आहे. म्हणून खळ्यावरून रस्त्यापर्यंत अर्धी पोती न्या आणि टेम्पोत चढवल्यावर तिथेच दोनाचे एक करा. बारदान तेवढेच लागते, खेपा वाढतात. यंदाच्या काढणीत वेल्ह्याच्या बाजूच्या दोन-तीन गावांनी हे करून पाहावे आणि पुढच्या बैठकीत किती वेळ जास्त लागला ते सांगावे.