जमिनीखालचं अळंबं आणि आपला दावा

(ग्रामसभांच्या पावसाळी शिबिरात केलेलं भाषण)



आया-बहिणींनो, दादांनो, भूमिया आणि गायता मंडळींनो,

सकाळपासून सामूहिक दाव्याच्या कागदांचं बोलणं चाललं आहे. आता मी अळंब्यावर बोलणार म्हटल्यावर मागची पोरं हसली. हसा, पण शेवटपर्यंत ऐका.

पहिले पाऊस पडले की आपल्या बाया टोपल्या घेऊन जंगलात जातात. सात्या आणतात, टेकोडे आणतात. इंद्रावतीच्या पलीकडं बस्तरात सालाच्या झाडाखालची माती उकरून बोडा काढतात. बोडा मातीतच गोटीसारखा वाढतो. आत पांढरा असतो तोवर खायचा, आत काळा पडला की फेकायचा. हे कोणी शाळेत शिकवलं नाही, आयांनी शिकवलं.

असंच जमिनीखालचं अळंबं दूर इटली देशात होतं. त्याला ट्रफल म्हणतात. जात बोड्याहून वेगळी, पण राहायची रीत तीच. तिथं पो नावाची नदी आहे, ६५२ किलोमीटर लांब, त्या देशातली सगळ्यात लांब नदी. तिच्या दोन्ही अंगांना सखल मुलूख आहे, गाळाची जमीन. काठाला पॉप्लर, वाळुंज, ओक अशी झाडं. त्यांच्या मुळांशी ट्रफल धरतं.

त्याच्या जाती आहेत आणि प्रत्येकीचा हंगाम वेगळा. पांढरं ट्रफल साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर. ते सगळ्यात महाग, किलोला लाखाच्या वर रुपये जातात. त्याची शेती करणं फार अवघड, म्हणून जवळजवळ सगळं रानातूनच येतं. दुसरं फिकट रंगाचं, जानेवारी ते एप्रिल, समुद्राजवळच्या रेताड जमिनीत पाइनच्या झाडांखाली. तिसरं खरबरीत सालीचं काळं, ते उन्हाळ्यातलं. चौथं काळं पावसाळी नाही, शरदातलं, त्याला लसणासारखा वास येतो. माणसाला ते वरून दिसत नाही. कुत्रा वास काढत जातो, पंजानं जागा दाखवतो, मग माणूस लहानशा खुरप्यानं हळू माती काढतो. आपली जागा कोणी दुसऱ्याला सांगत नाही. आपल्या आयासुद्धा कुठं सांगतात?

हे अळंबं एकटं जगत नाही. त्याचे सुतासारखे धागे झाडाच्या बारीक मुळांना गुंडाळलेले असतात. झाड त्याला साखर देतं, ते झाडाला मातीतलं पाणी आणि क्षार आणून देतं. झाड तोडलं की खालचं अळंबं गेलं. सालाचं आणि बोड्याचं नातं असंच आहे. म्हणून साल तोडून दुसरं झाड लावणारा माणूस जंगल वाढवतो असं म्हणत असेल, तर तो बायांची टोपली मोजत नाही.

आता मुद्द्यावर येते. इटलीत १९८५ साली ट्रफलचा कायदा झाला, क्रमांक ७५२. त्यात लिहिलं आहे की जंगलात आणि न कसलेल्या जमिनीत ट्रफल काढणं सगळ्यांना मोकळं आहे. शेतात, किंवा कोणी मुद्दाम राखलेल्या जागेत असेल तर ते मालकाचं, पण त्यानं तशी पाटी लावली पाहिजे. विकायला चालतील अशा नऊ जाती कायद्यात नावानिशी लिहिल्या आहेत. आणि बंधनंही लिहिली आहेत: कच्चं काढायचं नाही, कुत्र्यानं दाखवलं तिथंच खणायचं, आणि खणलेला खड्डा बुजवायचा. खड्डा उघडा ठेवला तर मुळं सुकतात, पुढच्या वर्षी काही मिळत नाही.

तिथं परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. ते आपण घ्यायचं नाही. आपण परवानगी मागत नाही, हक्क मागतो. पण दोन गोष्टी घ्यायच्या: नाव लिहिणं आणि खड्डा बुजवणं.

नाव का लिहायचं? आपला वनहक्क कायदा २००६ चा. कलम ३ नं गौण वनउपज गोळा करण्याचा, वापरण्याचा, विकण्याचा मालकी हक्क दिला आहे. कलम २ मध्ये गौण वनउपज म्हणजे काय ते सांगितलं आहे: वनस्पतीपासून मिळणारी, इमारती लाकूड सोडून सगळी वनउपज. पुढं बांबू, मध, लाख, तेंदूपत्ता, औषधी वनस्पती, मुळं, कंद अशी नावं आहेत. अळंब्याचं नाव नाही. आणि मी अकरावीला शिकले की बुरशी वनस्पतीत धरत नाहीत, तिची सृष्टीच वेगळी. उद्या कोणी साहेब तेच पुस्तक उघडून म्हणेल, अळंबं वनस्पती नाही, तुमचा हक्क नाही.

हे उगाच भ्यायचं बोलणं नाही. बांबूचं नाव तर कायद्यात स्पष्ट होतं. मेंढा (लेखा) गावाला सामूहिक हक्क २००९ साली मिळाला, पण बांबूच्या वाहतुकीचा पास ग्रामसभेच्या हातात यायला २०११ उजाडलं. नाव लिहिलेल्या बांबूसाठी एवढं भांडावं लागलं, तर नाव न लिहिलेल्या अळंब्याचं काय होईल? गेल्या पावसाळ्यात एका नाक्यावर आमच्या गावच्या बायांच्या टोपल्या उतरवून घेतल्या. "कागद दाखवा" म्हणाले. बायांकडं कागद नव्हता. पंधरा दिवसांचं मीठ-तेल त्या टोपल्यांत होतं.

म्हणून प्रत्येक ग्रामसभेनं हे करावं. एक, म्हाताऱ्या बायांना बसवून अळंब्याची सगळी नावं विचारा. आपल्या बोलीतलं नाव, कोणत्या झाडाखाली किंवा वारुळावर, कोणत्या महिन्यात. दोन, ती यादी दाव्याच्या अर्जात आणि ठरावात लिहा. "इत्यादी" लिहून सोडू नका. "इत्यादी"चा अर्थ नाक्यावरचा माणूस ठरवतो. तीन, आपला नियम आपणच करा: कोवळं किती ठेवायचं, मुळं उघडी टाकायची नाहीत, कोणतं झाड तोडायचं नाही. जंगल राखण्याचा अधिकार कलम ५ नं ग्रामसभेला दिलाच आहे.

पुढच्या बैठकीला येताना पोरांनी कागद आणावा आणि आयांनी नावं आणावी. हसणाऱ्या पोरांनी लिहून घ्यायचं.

जोहार.