अजिंठ्याच्या दाराशी
(ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या व्यवसायाविषयी चार शब्द सांगावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली आणि मी संकोचात पडलो. संकेतस्थळे, म्हणजे रूढ भाषेत वेबसाइटी, तयार करणे आणि जुन्या झालेल्यांची पुनर्रचना करणे हा माझा व्यवसाय. त्यात समाजापुढे मांडण्याजोगे काय असणार, असे कोणासही वाटेल. मलाही तसेच वाटत असे. परंतु एका प्रसंगाने या कामातील जबाबदारी मला शिकविली. तो प्रसंगच आज निवेदन करतो.

माझ्या आत्याबाईंना अजिंठ्याची लेणी पाहण्याची फार वर्षांची इच्छा होती. वयाच्या बहात्तराव्या वर्षी तो योग आला. एका प्रवासविषयक संकेतस्थळावरून मीच सारा बेत आखला. छत्रपती संभाजीनगरहून सुमारे १०० किलोमीटरचा रस्ता स्वतःच्या मोटारीने तोडून आम्ही फर्दापूरच्या तिठ्यावर पोहोचलो, तो तेथे शुकशुकाट! वार सोमवार होता आणि सोमवारी अजिंठा बंद असतो. दुसऱ्या दिवशी मला कामावर रुजू होणे भाग असल्याने आम्ही तसेच परतलो. "असू दे रे, पुढच्या खेपेस पाहू," एवढेच आत्याबाई म्हणाल्या. ती खेप आलीच नाही.

घरी येऊन मी ते संकेतस्थळ पुन्हा उघडले. पद्मपाणीचे भव्य चित्र होते, सरकणारी अक्षरे होती, संगीतही होते. सुटीचा वार मात्र शेवटच्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत. त्याहून लज्जेची गोष्ट ही की, अशीच पाने मी स्वतः लोकांना करून देत होतो आणि शाबासकी घेत होतो.

त्यानंतर मी अजिंठ्याचा इतिहास वाचू लागलो. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली. पुढे रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षे तेथे राहून चित्रांच्या नकला केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतीलही पुष्कळशा १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. नकला गेल्या, मूळ राहिले. परंतु त्या मुळावरही एक आपत्ती आली. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांवर रोगण चढविले गेले. हेतू चांगलाच होता. पण कालांतराने ते रोगण पिवळे पडून काळवंडले आणि जे उजळावयाचे तेच झाकले गेले.

बंधुभगिनींनो, हे वाचले आणि माझ्या धंद्यातला दोष मला उमगला. आम्हीही रोगणच चढवीत होतो! पुनर्रचना म्हणजे नवा साज, अशी आमची समजूत. वस्तुतः पाहणारा आणि पाहावयाची वस्तू यांच्यामध्ये साचलेला थर दूर करणे, हीच खरी पुनर्रचना होय.

अजिंठ्याचे पान रचण्याचे काम उद्या माझ्याकडे आले, तर मी काय करीन? सर्वांत वर ठळक अक्षरांत, आज लेणी उघडी की बंद, हे लिहीन. शेजारीच, वेरूळची सुटी मंगळवारी असते, हेही सांगेन. कारण बहुतेक प्रवासी दोन्ही स्थळे एकाच फेरीत पाहतात. तिठ्यापासून पुढचे चारेक किलोमीटर तेथील बसनेच जावे लागते, पुढे पायऱ्या चढाव्या लागतात, हे म्हाताऱ्या माणसास घरबसल्या कळले पाहिजे. मजकूर चित्ररूपात न देता खऱ्या मराठी अक्षरांत देईन, म्हणजे अंधांसाठी तो यंत्राकडून वाचून घेता येईल. पान हलके ठेवीन, म्हणजे खेड्यातील साध्या मोबाइलवरही ते चटकन उघडेल. जुन्या पत्त्यावर येणारा वाचक आपोआप नव्या पत्त्यावर पोहोचेल, अशी व्यवस्था करीन. कचेरी हलली तरी जुन्या दारावर पाटी ठेवावी, तसेच हे.

मग इतिहास सांगावयाचा नाही काय? अवश्य सांगावयाचा! काही लेणी इसवी सनापूर्वीची, तर बरीचशी पाचव्या शतकातील वाकाटककालीन. सोळाव्या लेण्यातील शिलालेखात हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याचे दान नोंदलेले आहे. हे सारे यावे, मात्र शिलालेखाचा आधार कशास आहे आणि लोककथा कोणती, हे वेगळे दाखवून यावे. आणि तेही दार उघडून दिल्यानंतर. दाराशीच अडलेल्या माणसास आतील वैभव वर्णून सांगणे, ही त्याची थट्टाच होय.

आता नवे पान तयार झाले की ते मी प्रथम शेजारच्या एखाद्या आजीबाईंच्या हाती देतो आणि गप्प बसून पाहतो. त्यांचे बोट जेथे अडखळते, तेथे चूक त्यांची नसते, माझी असते. आपल्या समाजातील अनेक तरुण आज या व्यवसायात आहेत. त्यांनी एवढी एक परीक्षा घेत जावी, अशी माझी नम्र विनंती आहे. आत्याबाईंचे ऋण मला फेडता येणार नाही. पण दुसऱ्या कोणाची आत्या सोमवारी त्या तिठ्यावरून परत फिरू नये, एवढे तरी आपल्या हातून होवो.