हुशार मूल आणि वयाची अट



साडेचार वर्षांची एखादी मुलगी वर्तमानपत्राचे मथळे वाचू लागते. आईवडील तिला पहिलीत घालू पाहतात आणि सहा वर्षांच्या अटीपाशी अडतात. त्यांचा आग्रह निव्वळ हौस म्हणून झटकता येणार नाही. येत असलेली अक्षरे पुन्हा गिरवायला लावणे हा बुद्धीचा अपव्ययच होय.

परंतु अपवाद ठरविणार कोण? प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाचणी घेण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली, ती सकारण आहे. एवढ्या लहान वयाच्या चाचणीत बहुधा घरातल्या पुस्तकांचीच मोजदाद होते. अपवादाचे दार उघडले, तर अर्ज लिहू शकणारे पालकच आत शिरतील. ऊसतोड मजुराच्या तितक्याच तल्लख मुलीचा अर्ज कोण लिहिणार?

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा मार्ग. आज तोच विचार पुढे न्यावयास हवा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांची व्यवस्था शासन ‘करू शकेल’, एवढेच तो कायदा म्हणतो. तेथे हक्क हवा: अंगणवाडीत पुस्तके हवीत आणि पुढे गेलेल्या मुलाला वाचनापुरते मोठ्या मुलांत बसविण्याची शिक्षिकेला मोकळीक हवी.

मग त्या मुलीला वय चोरावे लागणार नाही आणि मजुराच्या मुलीलाही आपली बुद्धी लपलेली ठेवावी लागणार नाही.