पाठीवरची थाप

गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या मोपा विमानतळावरून ५ जानेवारी २०२३पासून विमानं उडू लागली. तुये आणि डिचोलीच्या औद्योगिक वसाहतींत कारखाने चालू आहेत. तिथं राबणाऱ्या माणसाला कामाचा हुरूप कशामुळे येतो? पगार हवाच, आणि तो वेळेवर हवा. पण तेवढ्यानं भागत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी सुमारे २०० अभियंते आणि हिशेबनीस यांच्या मुलाखतींवरून १९५९मध्ये निष्कर्ष मांडले. पगार, सोयी, वरिष्ठांची वागणूक यांत उणीव राहिली की नाराजी वाढते. ती भरून काढली की नाराजी ओसरते, पण उमेद आपोआप येत नाही. उमेद येते ती साधलेल्या कामातून, सोपवलेल्या जबाबदारीतून आणि कुणीतरी घेतलेल्या दखलीतून.

२०१२मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, तेव्हा काम म्हणजे नुसता पगार नव्हे, हे डिचोलीनं जवळून पाहिलं. काम गेलं की मिळकतीबरोबर माणसाची ओळखही हरवते.

म्हणून कामाची दखल घेताना नुसतं ‘छान’ म्हणून थांबू नये. ‘यंत्रातला बिघाड तुम्ही वेळीच ओळखलात, म्हणून माल वाया गेला नाही,’ असं नाव घेऊन, सर्वांसमोर, त्याच दिवशी सांगावं. चूक मात्र बाजूला घेऊन समजवावी. आणि हे कौतुक कंत्राटी कामगार, सफाई कर्मचारी, रात्रपाळीचा रखवालदार यांच्यापर्यंतही पोचावं. आपल्या घामाची किंमत कुणाला तरी कळते, हा विश्वास माणसाला उद्या पुन्हा मनापासून कामावर आणतो.