नंबर ४४ कोणाचा? : कॉलेज फुटबॉलमधला न संपणारा वाद

आजचा विषय अमेरिकन कॉलेज फुटबॉल. म्हणजे हेल्मेट घालून, अंडाकृती बॉल घेऊन खेळतात तो. आणि वाद असा, की प्रत्येक जर्सी नंबरचा सगळ्यात भारी खेळाडू कोण?

आपल्याकडे १० म्हटलं की सचिन, विषय संपला. तिकडे तसं नाही. शेकडो कॉलेजं, शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास, आणि नंबर दोनच आकडी. माझ्यासारख्या कोडवाल्याच्या भाषेत, एका की वर दहा-दहा व्हॅल्यू येऊन पडल्यात. एकच ठेवायची तर नियम लागणार. माझा नियम एकच: फक्त कॉलेजचा खेळ मोजायचा. पुढे एनएफएलमध्ये काय केलं ते बाजूला.

आता ३४ घ्या. जॉर्जियाचा हर्शेल वॉकर की ऑबर्नचा बो जॅक्सन? बो १९८५ चा हाइझमन विजेता, शिवाय बेसबॉलही खेळायचा. पण वॉकर पहिल्याच वर्षी, १९८० मध्ये, राष्ट्रीय विजेत्या टीमचा मुख्य रनिंग बॅक होता. हाइझमनच्या मतदानात तिसरा, मग दुसरा, मग १९८२ मध्ये पहिला. तीन वर्षांत ५,२५९ यार्ड. बोची बरीचशी दंतकथा कॉलेजनंतरची आहे. माझं मत वॉकरला.

खरी पंचाईत ४४ ला होते, कारण भांडण एकाच कॉलेजात आहे. सिरॅक्यूज. आधी जिम ब्राउन, मग एर्नी डेव्हिस. १९५६ मध्ये कोलगेटविरुद्ध ब्राउनने एकट्याने ४३ पॉइंट काढले. तरी हाइझमनला तो पाचवा! ट्रॉफी गेली नोट्र डेमच्या पॉल हॉर्नंगला, ज्याच्या टीमने दहापैकी दोनच मॅच जिंकल्या होत्या. तोवर एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला ती मिळाली नव्हती. म्हणून नुसत्या ट्रॉफ्या मोजून निकाल लावू नका.

ती पहिल्यांदा मिळाली डेव्हिसला, १९६१ मध्ये. त्याआधी १९५९ चं राष्ट्रीय विजेतेपद. ब्राउनचे २,०९१ यार्ड होते, डेव्हिसने २,३८६ केले. मग ल्युकेमिया झाला. १९६३ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी तो गेला. एनएफएलची एकही मॅच खेळला नाही.

लोक ब्राउनचं नाव पटकन घेतात, कारण त्याची पुढची कारकीर्द प्रचंड आहे. डेव्हिसकडे फक्त कॉलेज आहे. आणि आपण कॉलेजच मोजतोय ना? मग ४४ डेव्हिसचा.

अजून एक गोष्ट. ५० ते ७९ हे नंबर मुख्यतः लाइनमनचे. समोरच्याला अडवून रनिंग बॅकला वाट करून देणारी ही माणसं. त्यांना हाइझमन मिळत नाही. ओहायो स्टेटचा ७५ नंबर, ऑर्लँडो पेस, १९९६ मध्ये चौथा आला, तर तेवढ्याचंही अप्रूप वाटलं. नंबरवार यादीत मात्र त्यांना हक्काची जागा मिळते. मला हा वाद आवडतो तो यासाठीच.

आता तुमची पाळी. २ नंबर कोणाला? मिशिगनचा चार्ल्स वुडसन, फ्लोरिडा स्टेटचा डिऑन सँडर्स की ऑबर्नचा कॅम न्यूटन? मत कळवा, पण कारणासकट. नुसतं नाव चालणार नाही. भेटू पुढच्या भागात!